बायनाबाईची सोबत

सुंदरराव पाटलांच्या छातीत पहिल्यांदा कळ आली, तेव्हा चुलीवरचं चुलीवर टाकून अख्खं गाव त्यांच्या ओसरीवर जमलं. कुणी पाठ चोळत होतं, कुणी पदरानं वारा घालत होतं, आणि ज्यांना काहीच करता येत नव्हतं ते नुसतेच गलका करत होते. गावाच्या टोकाला आपल्या घराच्या उंबऱ्यावर बसून बायनाबाई तो गलका ऐकत होती. तिला वाळीत टाकलेलं होतं, तेव्हा काय झालं हे सांगायला तिच्याकडे कुणी येणार नव्हतं. पण एवढी माणसं पाटलासाठीच धावतात, हे समजायला काही ज्योतिष लागत नाही. तिनं देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि म्हणाली, "मारुतीराया, एवढ्यात नेऊ नको त्याला. माजं राहिलंय."

देवानं म्हणा, की बीडच्या हकीमानं म्हणा, पाटलांना ठेवलं. हकीम बैलगाडीनं आला, नाडी पाहिली, अर्क दिला, गळ्यात बांधायला एक हिरवट दगड दिला आणि जाताना पाटलीणबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "दिल कमजोर झालाय. पण दुखण्यापेक्षा धास्ती जास्त आहे. यांना एकटं ठेवू नका. धडधड सुरू झाली की कुणीतरी हात धरून बसायचं, बोलायचं. माणूस हीच अर्धी दवा."

मग काय विचारता! गावानं ती दवा घागरी भरभरून पाजली. सकाळी एक घोळका, दुपारी दुसरा, दिवेलागणीला तिसरा. पंचांतले म्हातारे आप्पा तर ओसरीवरच मुक्काम ठोकून होते. निजामसरकार हैदराबादेत, पोलिसांचा अमीन बीडला, आणि गावात सुंदरराव. वरच्या दोघांचा मुलूख मोठा, त्यामुळे चौसाळ्याच्या पलीकडच्या या गावात सरकार म्हणजे सुंदररावच. सरकार आजारी पडल्यावर रयतेनं जवळ बसायचं असतं. कोण किती वेळ बसलं हे सरकार बरं झाल्यावर विसरत नाही, हेही रयतेला ठाऊक असतं.

बायनाबाईच्या घरीही असंच दुखणं होऊन गेलं होतं. असंच म्हणजे अगदी असंच. छातीत कळ, अंगाला गार घाम, दम लागणं, आणि आता जातो की मग जातो ही भीती. तिचा नवरा धोंडीराम बाजेवर उठून बसायचा आणि म्हणायचा, "बायने, कुनाला तरी बोलीव. बोलू नगं म्हनावं, काय आणू नगं म्हनावं. नुसतं बसू दे." ती दारोदार गेली होती. एका दारानंही कडी काढली नाही. परत आली तेव्हा धोंडीराम दाराकडं तोंड करून गेलेला होता. केजहून भाऊ येईपर्यंत मढं घरात राहिलं, आणि दोघा बहीणभावांनी ते गाडीत घालून नेलं. गावानं खांदा दिला नाही.

का दिला नाही, ते ऐका. पलेगाच्या साली गाव रानात झोपड्या घालून राहत होतं. तेव्हा शिवारात एक वाटसरू मरून पडला. कोण, कुठला, कुणास ठाऊक. पोलीस पाटलानं अशा वेळी अमीनाला वर्दी द्यायची असते. पण वर्दी दिली की अमीन येणार, त्याचे जवान येणार, घोड्यांना चंदी आणि माणसांना कोंबड्या लागणार. सुंदररावांनी धोंडीरामाला एकट्याला गाठून सांगितलं, "ओढ्याकाठी पुरून टाक आन् तोंड मिटून ऱ्हा." धोंडीराम भला माणूस. त्यानं पुरलं आणि तोंड मिटलं. पुढं त्या वाटसरूचे भाऊबंद शोधत आले, कचेरीत ओरड झाली, अमीन आलाच. पाटलांची पाटिलकी गेल्यातच जमा होती. तेव्हा त्यांनी मारुतीपुढं बेलभंडार उचलला आणि शपथ घेतली, "मला कायबी मालूम न्हाई. धोंड्यानं आपल्याच मतानं केलं."

बेलभंडार उचलल्यावर पुढं कोण बोलणार? खोटा बेल उचलणाऱ्याला देव सोडत नाही, असं सगळ्यांचं मत. त्यामुळे पाटील खरा आणि धोंडीराम खोटा, हे तिथल्या तिथं ठरलं. गावात पलेगानं माणसं गेली होती. कुणाच्या तरी माथी ती मारायचीच होती. जातकूळ ठाऊक नसलेलं मढं उचललं, गावात पलेग आणला, म्हणून पंचांनी त्याला वाळीत टाकलं. पाटलांनी वरून नेम घातला. धोंडीरामाच्या घरच्याच्या हातचं जो घोटभर पाणी पिईल, तोही वाळीत, त्याचं घरदारही वाळीत. त्याच वाळीत धोंडीरामाला छातीचं दुखणं लागलं. बायकोला खरं काय ते त्यानं सांगितलं होतं. ती सांगत सुटली, तर वाळीतल्या बाईचं ऐकतो कोण?

आता पाटलांच्या ओसरीवरचा हसण्याखिदळण्याचा आवाज तिला घरी ऐकू यायचा. पाटलांचं मन रमावं म्हणून लोक गोष्टी सांगत, नकला करत. भाकरी थापता थापता बायनाबाईचा हात परातीत तसाच राही. माणूस मेलं याचा राग कधीतरी विझतो. पण ज्यातलं चिमूटभर मागितलं आणि मिळालं नाही, त्याचीच रास दुसऱ्याच्या दारात ओतलेली पाहायची, हा राग विझत नाही. तिला पाटील मरायला नको होता. मेला असता तर वाजतगाजत गेला असता, चार गावचे लोक आले असते. तिला त्याची ती माणसं हवी होती. एकेक करून, त्याच्या डोळ्यांदेखत, उठून गेलेली.

पोळ्याच्या दिवशी तिला वाट सापडली.

पोळ्याला वेशीत तोरण बांधतात, आणि मानाचा बैल पाटलाचा. तो पुढं झाल्याशिवाय कुणाची जोडी हलत नाही. पाटलांना मुलगा नव्हता, दोन लेकी होत्या, त्या सासरी. बैल सालगड्यानं न्यायचा आणि ओवाळणीचं ताट पाटलीणबाईंनी. तुळजाबाई पाटलीण जायला तयार नव्हत्या. "तुमास्नी एकटं कसं सोडू?" त्या म्हणाल्या. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पाटील ओरडले, "मानाच्या बैलामागं पाटलीण न्हाई दिसली तर गाव काय म्हनंल? मला काय धाड भरलीया? जावा समदे!" समदे गेले. आप्पाही गेले, कारण तोरणाशी पंच लागतात.

बायनाबाईला वेशीत जायची बंदी होती. ती आपल्या उंबऱ्यावरून पाहत होती. पाटलीणबाई ताट घेऊन गेल्या, मागून आप्पा काठी टेकत गेले. ती उठली आणि गावच्या मधल्या वाटेनं, जिथून तिला चालायची परवानगी नव्हती, सरळ चालत गेली. योगायोग वगैरे काही नव्हता. पाटील एकटा असताना त्याच्यापुढं उभं राहायचं, धोंडीरामाचं नाव घ्यायचं आणि त्याचं तोंड कसं होतं ते बघायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

ओसरीवर पाऊल टाकलं तेव्हा वेशीत हलग्या कडाडत होत्या. त्या आवाजानंच की काय, पाटलांची धडधड सुरू झालेली. ते बाजेवर उठून बसले होते. घामानं बंडी भिजली होती. एका हातानं हकीमाचा दगड छातीशी दाबून धरलेला, दुसऱ्या हातानं बाजेचं कडेचं लाकूड धरलेलं. घोगऱ्या आवाजात कुणाकुणाला हाका मारत होते. हलग्यांपुढं त्या हाका बाजेखालच्या मांजरालाही ऐकू गेल्या नसत्या.

बायनाबाई खांबाला टेकून उभी राहिली आणि पाहत राहिली. हे सगळं तिनं पाहिलेलं होतं. तेच डोळे, तीच दाराकडं लागलेली नजर. तिला वाटलं होतं, बघून पोट भरेल. भरलं नाही. उलट भूक वाढली.

पाटलांनी तिला पाहिलं. ओळखलं. तरी म्हणाले, "कोन हाय? बायना? ये, बस. पानी दे."

"माज्या हातचं?" ती म्हणाली.

"दे गं."

"नेम हाय, पाटील. तुमीच घातलाय."

"मराय लागलोय मी! नेम घाल चुलीत. पानी दे आन् हात धर माजा."

तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं कोनाड्यातला पितळी तांब्या घेतला, रांजणातलं पाणी भरलं आणि पाटलांच्या ओठांना लावला. ते अधाशासारखे प्याले. मग ती बाजेवर त्यांच्या शेजारी बसली, पाठीमागं वाकळ गुंडाळून ठेवली, त्यांचा हात हातात घेतला आणि हळूहळू तळव्यावर अंगठा फिरवत राहिली. धोंडीरामाला तसं केलं की बरं वाटायचं. पाटलांनाही वाटलं. दम खाली बसला, डोळे मिटायला आले. पण हात काही सोडला नाही. तिनंही सोडवून घेतला नाही. तिला परतणाऱ्या माणसांची वाट पाहायची होती.

माणसं आली. पुढं पाटलीणबाई, मागं आप्पा, मागं हळदीगुलालानं माखलेले लोक, पाटलांना मानाच्या बैलाची हकीकत सांगायला उतावीळ झालेले. ओसरीच्या पायरीशी सगळे थबकले. वाळीतली बायनाबाई पाटलांच्या बाजेवर बसलेली आणि पाटलांनी तिचा हात घट्ट धरलेला.

"पाटलांनी माज्या हातचं पानी पिलंय," बायनाबाई मोठ्यानं म्हणाली. "मागून पिलंय. मी नेमाची याद देल्यावर पिलंय."

पाटलांनी हात झटकला. "खोटं! बळंच पाजलं हिनं. मला सुद नव्हती."

"मंग उचला बेलभंडार," ती म्हणाली. "उचला मारुतीम्होरं. तुमाला सवय हाय."

सगळे पाटलांकडं पाहू लागले. पाटलांचं तोंड पांढरंफटक पडलं. छातीत पहिली कळ आली त्या दिवसापासून हा माणूस एकाच गोष्टीला भीत होता, आणि ती हकीमाला सांगण्यासारखी नव्हती. एकदा उचललेला खोटा बेल छातीत बसला आहे, दुसरा उचलला तर तिथल्या तिथं संपलो, अशी त्यांची पक्की खात्री होती. त्यांनी मान खाली घातली.

"पाटील," आप्पा खाकरून म्हणाले, "नेम तुमचाच हाय."

एक तरणा बैलवाला म्हणाला, "आवं आप्पा, दुखनेकरी मानूस..."

"गप बे," आप्पा म्हणाले. "धोंड्या काय पैलवान हुता?"

आता आप्पांना धोंडीरामाचा कळवळा आला होता असं समजू नका. त्यांची कडीही त्या दिवशी आतूनच लागलेली होती. पण पाटलाच्या जाचाला गाव कंटाळलेलं होतं, आणि ओसरीवर बसून बसून सगळ्यांच्या कमरा धरल्या होत्या. नेमाचं निमित्त मिळालं. गाव पायरीवरूनच माघारी फिरलं. दुसऱ्या दिवशी सालगडी आला नाही. लेकींना निरोप गेले, तर त्यांच्या सासरच्यांनी कळवलं, वाळ उठल्यावर पाठवू.

ओसरी रिकामी झाली. आता तिच्यावर चिमण्या यायच्या. तुळजाबाई एकट्या पाणी भरायच्या, जनावरं बघायच्या, आणि धडधड सुरू झाली की भिजलेल्या हातांनी धावत यायच्या. पण घाबरलेल्या माणसाजवळ दुसरं घाबरलेलं माणूस बसून काय उपयोग? दोघंही दाराकडं बघत बसायची. बायनाबाई रोज संध्याकाळी त्या वाटेनं जायची. सावकाश. पाटील बाजेवरून हाक मारायचे, "बायने, आगं बायने, जरा ये." ती मान वर करून बघायची, हाक पुरती ऐकून घ्यायची आणि पुढं जायची. त्या दिवसांत तिला जेवण गोड लागलं. ती नंतरही हे लपवायची नाही.

शेवटी तुळजाबाई तिच्या दारी आल्या. पाटलीण असून उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसल्या.

"बाई, तुज्या पाया पडते. त्यास्नी भ्या वाटतंय लई. येऊन बस जरा. तुला आता कुनाची आडकाठी न्हाई, आमी बी वाळीतच हाव."

बायनाबाई धान्य पाखडत होती. सूप थांबवलं नाही. "पाटलीणबाई, मी तुमच्या दारी आल्ते त्या दिशी तुमी दाराआड हुता. मला तुमच्या बांगड्या वाजल्याल्या ऐकू आल्या."

तुळजाबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हुते," त्या म्हणाल्या. "यांचा हुकूम हुता."

"माज्याकडं बी हुकूम हाय. त्यास्नी म्हनावं, मारुतीच्या पारावर उभं ऱ्हा आन् मढं कुनी पुराय लावलतं ते गावाला सांगा. तसं केलं तर आमची वाळच खोटी ठरतीया. मंग माज्या हातच्या पाण्यानं तुमी कशाला वाळीत ऱ्हाताव?"

हिशेब सरळ होता, आणि म्हणूनच पाटलांच्या घशाखाली उतरेना. खोटा बेल उचलला हे कबूल करायचं, म्हणजे पाटिलकी गेली, इज्जत गेली, मेल्यावरही लोक नाव घेऊन थुंकणार. ते काही दिवस कुढत राहिले. मग एका दुपारी धडधड अशी उठली की घोरपडीनं छाती धरावी तशी सुटेचना, आणि तुळजाबाई नेमक्या ओढ्यावर. त्या परतल्या तेव्हा पाटील बाजेवर नव्हते. रांगत दारापर्यंत आले होते आणि उंबऱ्याला मिठी मारून पडले होते. "चल," ते म्हणाले. "पारावर चल."

त्यांना धरायला कुणी पुढं आलं नाही. बायकोच्या खांद्यावर हात टाकून, चार पावलं चालत, टेकत, पुन्हा चालत पाटील मधल्या वाटेनं निघाले. बायकापोरं दारादारांत उभी राहिली. बायनाबाई त्यांच्या मागून चालत होती, फार जवळ नाही, फार लांब नाही. मध्येच पाटील कोलमडले आणि मागं वळून तिच्याकडं हात पुढं केला. तिनं हात पदराखाली घेतला.

पारावर ते बसले. उभं राहता आलं नाही. गाव गोळा झालं.

"धोंडीरामाला मीच सांगितलतं," पाटील म्हणाले. "मढं पुराय मीच लावलं. त्यो नगं म्हनत हुता. बेल मी खोटा उचलला."

 मग आप्पा पुढं झाले आणि त्यांनी गावाच्या वतीनं बायनाबाईची वाळ उठल्याचं सांगितलं. पाटलांचीही उठली. बायनाबाई पारासमोर उभी होती. आता मोठ्यानं रडावं, नाहीतर हसावं, असं तिला वाटत होतं. तिनं गावाकडं तोंड केलं.

"बेल त्यानं उचलला," ती म्हणाली. "कड्या तुमी लावल्या."

संध्याकाळी बायका तिच्या दारी भाकरी, कोरड्यास, दुधाचा तांब्या घेऊन आल्या. रीतच तशी, वाळ उठली की पहिलं अन्न शेजारणींनी आणायचं. बायनाबाईनं कुणाला आत बोलावलं नाही. उंबऱ्यावर ठेवलेलं सगळं तिनं त्यांच्यादेखत आपल्या गोठ्यातल्या बैलापुढं नेऊन ठेवलं.

पाटलांच्या ओसरीवर मात्र कुणीच आलं नाही. वाळ उठली होती, नेम उरला नव्हता. पण ज्यानं देवापुढं खोटा बेल उचलला, त्याच्यावर देव कधी झडप घालील याचा नेम नाही. त्या वेळी शेजारी बसलेलं कोण असावं? तेव्हा लोक लांबूनच रामराम घालत. आधी हुकमानं आले नाहीत, आता आपल्या मनानं आले नाहीत. धोंडीरामाच्या वाट्याला तो लांबूनचा रामरामही आला नव्हता.

तुळजाबाई पुन्हा आल्या. या वेळी नुसत्या दाराशी उभ्या राहिल्या. बायनाबाईनं हातातलं काम खाली ठेवलं आणि त्यांच्यामागून गेली.

पाटील बसलेले होते. तिला पाहताच त्यांनी दोन्ही हात पुढं केले. ती बाजेवर बसली, वाकळ गुंडाळून पाठीला लावली, हात हातात घेतला. घामानं गार झालेला, हाडं लागणारा हात. अशाच एका हाताची तिला आठवण आली, आणि त्याचाही तिला राग आला. थोड्या वेळानं पाटलांचा श्वास सरळ झाला.

"बायने," ते म्हणाले, "समद्या गावाम्होरं बोललो. आता तरी माफ केलं म्हन."

"न्हाई."

"मंग आलीस कावून?"

"तुमी मरू नये म्हनून." ती त्यांच्या तळव्यावरून अंगठा फिरवत होती. "आमचे त्ये एका सांजंत सुटले, पाटील. तुमास्नी मी तसं सुटू द्यायची न्हाई. रोज यीन. धडधड उठली की हात धरीन. लई वर्सं जगा. जगाल तितकं माजं तोंड बगा."

पाटलांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. ती खरं बोलत होती, त्यात कणभर दया नव्हती, हे त्यांना कळलं. हात काढून घ्यावा असं त्यांच्या मनात आलंही असेल. पण अंगठा फिरत होता, छाती शांत होत होती, आणि त्यांनी तो आणखी घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आधीच त्यांनी तुळजाबाईंना विचारायला सुरुवात केली, बायना आली का, बायना अजून कशी आली नाही.